पंतप्रधानांच्या शेजारी चालणारी 'उसनी' माणसं: एसपीजीतली नोकरी नेमकी असते कशी?

नोव्हेंबर २०२४ मध्ये एक फोटो सोशल मीडियावर प्रचंड फिरला. संसदेच्या आवारात पंतप्रधान नरेंद्र मोदी चालत आहेत आणि त्यांच्या मागे काळ्या सुटातली एक महिला सुरक्षा अधिकारी आहे. 'पंतप्रधानांच्या सुरक्षेत महिला एसपीजी कमांडो' अशा ओळी टाकून लोकांनी तो धडाधड शेअर केला. एका खासदारांनीही तो टाकला. मग सूत्रांच्या हवाल्याने बातम्या आल्या की ती अधिकारी एसपीजीची नाहीच. ती सीआरपीएफची असून राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या सुरक्षेत नेमलेली आहे.

चूक समजण्यासारखी आहे. काळा सूट, काळा चष्मा, कानात वायर आणि हातात ब्रीफकेस दिसली की आपल्याकडे सगळ्यांना सरसकट 'एसपीजी कमांडो' म्हटलं जातं. नाहीतर 'ब्लॅक कॅट'. रील्समध्ये त्यांचा पगार सांगितला जातो, त्यांच्या बंदुका मोजल्या जातात. पण ही माणसं येतात कुठून, ती पोलीस असतात की सैनिक, त्यांना कोण निवडतं आणि ही नोकरी संपल्यावर ती जातात कुठे, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एका गोष्टीत आहे. एसपीजीतली जवळपास सगळी माणसं 'उसनी' असतात.

एसपीजी म्हणजे काय, आणि काय नाही?

एसपीजी म्हणजे स्पेशल प्रोटेक्शन ग्रुप, अर्थात विशेष सुरक्षा गट. हे दल ना लष्कराचं आहे, ना गृह मंत्रालयाखालच्या सीआरपीएफ-बीएसएफसारखं. ते थेट केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवालयाखाली येतं. त्याचं काम कायद्यातच लिहिलेलं आहे: पंतप्रधानांची 'निकटची सुरक्षा'.

निकटची म्हणजे किती जवळची? कायद्याने त्याचीही व्याख्या दिली आहे. पंतप्रधान रस्त्याने जात असोत, रेल्वेने, विमानाने, बोटीने किंवा पायी. त्यांच्या अगदी लगतचं संरक्षण हे एसपीजीचं काम. त्यात त्यांचं निवासस्थान, कार्यक्रमाची जागा, मुक्कामाचं ठिकाण आणि व्यासपीठ आलं. त्यांच्याभोवतीचं कडं, त्या कड्याबाहेर मोकळी ठेवलेली जागा आणि त्यांच्यापर्यंत कोण पोहोचणार यावरचं नियंत्रणही आलं.

'ब्लॅक कॅट' म्हणजे एनएसजी, ते वेगळं दल. त्याचं मूळ काम दहशतवाद्यांशी लढणं आणि ओलिसांची सुटका करणं. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमध्ये उतरले ते हेच कमांडो.

मग एक्स, वाय, झेड आणि झेड प्लस? त्या सुरक्षेच्या श्रेणी आहेत. ही सुरक्षा केंद्रीय दलं किंवा राज्याचे पोलीस देतात. नागपूरचं रा. स्व. संघाचं मुख्यालय आणि सरसंघचालक मोहन भागवत यांची सुरक्षा सीआयएसएफकडे आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री आणि इतर महत्त्वाच्या व्यक्तींसाठी राज्य पोलिसांचं स्पेशल प्रोटेक्शन युनिट, म्हणजे एसपीयू आहे. यातलं कुणीही एसपीजी नाही.

हे दल आलं कुठून?

१९८१ पूर्वी पंतप्रधानांच्या निवासस्थानाची सुरक्षा दिल्ली पोलीसच बघत. त्या वर्षी गुप्तचर विभागाने दिल्लीपुरतं एक विशेष पथक उभं केलं. पंतप्रधानांभोवतीचं कडं आणि प्रवासातला एस्कॉर्ट हे त्याचं काम होतं.

३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी ही सगळी व्यवस्था कोसळली. पंतप्रधान इंदिरा गांधी सफदरजंग रोडवरच्या घरातून शेजारच्या अकबर रोडवरच्या कार्यालयाकडे पायी निघाल्या होत्या. वाटेतल्या फाटकाजवळ त्यांच्याच सुरक्षेतला उपनिरीक्षक बेअंत सिंग आणि शिपाई सतवंत सिंग यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या वेळी त्यांच्या अंगावर बुलेटप्रूफ जॅकेट नव्हतं. आवारात रुग्णवाहिका उभी होती, पण चालक जागेवर नव्हता. शेवटी त्यांना ॲम्बेसेडर गाडीत घालून एम्समध्ये नेण्यात आलं.

हल्लेखोर बाहेरून आला नव्हता, तो आतच उभा होता. नेमणूक कुणाची, तपासणी कुणाची, जबाबदारी कुणाची, असे सगळे प्रश्न एकदम समोर आले.

फेब्रुवारी १९८५ मध्ये गृह मंत्रालयाने बिरबल नाथ समिती नेमली. समितीने महिन्याभरात वेगळं दल उभारण्याची शिफारस केली. मार्च १९८५ च्या अखेरीस ८१९ पदं मंजूर झाली आणि ८ एप्रिल १९८५ रोजी एसपीजी अस्तित्वात आली. सुरुवातीची तीन वर्षं हे दल सरकारी आदेशावरच चाललं. १९८८ मध्ये संसदेने एसपीजी कायदा केला.

दलाचं ब्रीद आहे 'शौर्यम् समर्पणम् सुरक्षणम्'.

एसपीजीत भरती होता येतं का?

थेट नाही. एसपीजीची जाहिरात निघत नाही, फॉर्म सुटत नाही, मैदानावर धावण्याची भरती होत नाही. 'एसपीजीत भरती' म्हणून एखाद्या संस्थेने पैसे मागितले तर ती सरळ फसवणूक समजावी.

एसपीजीत जाण्यासाठी आधी दुसऱ्या दलात नोकरी असावी लागते. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी अशा केंद्रीय दलांमधून किंवा पोलीस दलांमधून माणसं घेतली जातात. वरच्या पदांवर आयपीएस अधिकारी येतात. सरकारी भाषेत याला 'प्रतिनियुक्ती' म्हणतात. माणूस मूळ दलाचाच राहतो, ठरावीक वर्षं एसपीजीत काम करतो आणि परत जातो.

मूळ दलातला सेवेचा रेकॉर्ड आणि पार्श्वभूमी तपासली जाते, शारीरिक क्षमता पाहिली जाते. मग प्रशिक्षण सुरू होतं: नेमबाजी, हातघाईचा सामना, गाडी चालवणं, प्रथमोपचार, गर्दीवर नजर ठेवणं. त्यात जो टिकत नाही तो मूळ दलात परत जातो.

मे २०२३ मध्ये केंद्राने नवे नियम अधिसूचित केले. त्यानुसार एसपीजीचा संचालक अतिरिक्त महासंचालक दर्जाच्या खालचा नसेल. अखिल भारतीय सेवेतले अधिकारी वगळता बाकीच्यांची पहिली नियुक्ती ६ वर्षांसाठी असेल. दुसऱ्यांदा ठेवायचं असेल तर त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतील.

अशी मुदत ठेवण्याचे दोन परिणाम होतात. ताजी, फिट माणसं येत राहतात. आणि कुणीही एकाच दारावर आयुष्यभर उभा राहत नाही. बेअंत सिंग अनेक वर्षं पंतप्रधानांच्या सुरक्षेत होता, हे इथे लक्षात ठेवायला हवं. जुना आणि ओळखीचा माणूस म्हणजे खात्रीचा माणूस, हा समज १९८४ मध्येच खोटा ठरला होता.

पगार किती?

रील्समधला सगळ्यात लाडका प्रश्न. पगार मूळ दलातल्या हुद्द्याप्रमाणेच मिळतो आणि त्यावर एसपीजीचा भत्ता असतो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार प्रत्यक्ष सुरक्षेच्या कामावर असणाऱ्यांना मूळ वेतनाच्या ५५ टक्के आणि इतर कामावर असणाऱ्यांना २७.५ टक्के भत्ता ठरला. म्हणजे मूळ वेतन ४० हजार असेल तर प्रत्यक्ष सुरक्षेतल्या जवानाला भत्ता २२ हजार. कपड्यांसाठी वर्षाला अनुक्रमे २७,८०० आणि २१,२२५ रुपये असेही दर तेव्हा ठरले. तो काळा सूट यातूनच येतो.

बदल्यात काही हक्क सोडावे लागतात. एसपीजीच्या कायद्यानुसार नेमणुकीच्या काळात माणूस मनात आलं म्हणून राजीनामा देऊ शकत नाही. त्यासाठी संचालकांची लेखी परवानगी लागते. संघटनेत सामील होता येत नाही. परवानगीशिवाय पत्रकारांशी बोलता येत नाही, पुस्तक किंवा लेख छापता येत नाही. त्यामुळे 'मी एसपीजीत आहे' असं सांगत व्हिडिओ करणारा माणूस दिसला, तर तो एसपीजीत नसण्याचीच शक्यता जास्त.

सगळ्यात आतलं कडं

पंतप्रधानांची सुरक्षा एकात एक असलेल्या कड्यांसारखी असते. सगळ्यात बाहेर स्थानिक पोलीस, मग आणखी कडी आणि सगळ्यात आत 'क्लोज प्रोटेक्शन टीम', म्हणजे सीपीटी. फोटोत दिसतात ती बहुतेक याच टीमची माणसं.

या कड्याबद्दल आतल्या माणसाने जाहीरपणे बोलण्याचे प्रसंग विरळाच. त्यातला एक डिसेंबर २०२४ मध्ये आला. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचं निधन झालं आणि उत्तर प्रदेशचे मंत्री असीम अरुण यांनी सोशल मीडियावर एक आठवण लिहिली.

असीम अरुण हे १९९४ च्या तुकडीचे आयपीएस अधिकारी. २००४ पासून साधारण तीन वर्षं ते मनमोहन सिंग यांच्या सीपीटीचे प्रमुख होते. पदाचं नाव सहायक महानिरीक्षक, सीपीटी. या पदाचा अर्थ त्यांनी सोप्या शब्दांत सांगितला: या अधिकाऱ्याला पंतप्रधानांपासून दूर जाण्याची मुभाच नाही. एखाद्या ठिकाणी एकच अंगरक्षक नेता येणार असेल, तर तो हाच अधिकारी असतो.

त्यांची आठवण गाडीची होती. मनमोहन सिंग यांच्या मालकीची एकच गाडी होती, मारुती ८००. पंतप्रधान निवासात ती चकचकीत काळ्या बीएमडब्ल्यूच्या मागे उभी असायची. सिंग त्यांना अनेकदा म्हणत की या मोठ्या गाडीतून फिरायला आवडत नाही, माझी गाडी ती मारुती. असीम अरुण त्यांना समजावत की बीएमडब्ल्यू थाटासाठी नाही; त्यातल्या सुरक्षेच्या सोयींसाठी एसपीजीने ती घेतली आहे. तरीही ताफा मारुतीसमोरून निघाला की सिंग तिच्याकडे डोळे भरून बघत.

ही पोस्ट लाखो लोकांनी साधेपणाची गोष्ट म्हणून वाचली, आणि ती तशी आहेच. पण त्यात नोकरीचीही गोष्ट आहे. ज्याला वाचवायचं तो माणूस देशातला सर्वात ताकदवान नेता असतो. त्याला 'नाही' म्हणण्याचं काम एका पोलीस अधिकाऱ्याला रोज करावं लागतं, तेही आदर राखून. नेत्याला आवडेल ती गाडी देणं सोपं. त्याला नको असलेल्या गाडीत रोज बसवणं ही ड्युटी.

ताफा निघण्याआधीचं काम

पंतप्रधान सोलापूरला येणार असोत की नाशिकला, एसपीजीचं पथक काही दिवस आधीच तिथे पोहोचतं. याला एएसएल, म्हणजे आगाऊ सुरक्षा समन्वय म्हणतात. जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक, गुप्तचर विभाग, आरोग्य, अग्निशमन, वीज, बांधकाम अशा सगळ्या खात्यांसोबत बैठक होते. हेलिपॅड कुठे, व्यासपीठाची उंची किती, पंतप्रधानांच्या रक्तगटाचं रक्त कुठल्या रुग्णालयात तयार ठेवायचं, मुख्य रस्ता बंद पडला तर पर्यायी रस्ता कोणता, हवामान बिघडलं तर काय, हे सगळं ठरतं. मग ताफ्याची रंगीत तालीम होते. शहरात रिकामा ताफा सायरन वाजवत गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो येतो, तो याच तालमीचा.

हे सगळे नियम 'ब्लू बुक' नावाच्या गोपनीय पुस्तिकेत असतात. कोणाची जबाबदारी काय, हे त्यात ठरवलेलं असतं.

ताफ्यात पुढे पायलट गाडी, मग एस्कॉर्ट, पंतप्रधानांची गाडी, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी गाडी, सिग्नल अडवणारी जॅमरची गाडी, रुग्णवाहिका. कुठली कुठे हे मुद्दाम बदललं जातं.

पण इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. रस्ता मोकळा ठेवणं हे एसपीजीचं काम नाही. ते राज्याच्या पोलिसांचं काम आहे. एसपीजी पंतप्रधानांच्या लगत असते. रस्त्यावरचा बंदोबस्त, गर्दी आवरणं, आंदोलकांची खबर ठेवणं ही राज्याची जबाबदारी. केंद्राची, राज्यांची आणि स्थानिक यंत्रणांनी एसपीजीला मदत करणं कायद्यानेच बंधनकारक केलं आहे.

हे दोन भाग एकमेकांपासून सुटले की काय होतं, ते ५ जानेवारी २०२२ रोजी देशाने पाहिलं. पंतप्रधान मोदी पंजाबमध्ये भटिंड्याहून हुसैनीवालाच्या हुतात्मा स्मारकाकडे हेलिकॉप्टरने जाणार होते. पाऊस आणि धूसर हवेमुळे बेत बदलला आणि रस्त्याने जायचं ठरलं. स्मारक सुमारे ३० किलोमीटरवर असताना पुढे आंदोलकांनी रस्ता अडवलेला निघाला. ताफा एका उड्डाणपुलावर १५ ते २० मिनिटं अडकून पडला आणि शेवटी मागे फिरला.

पूल म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीने अत्यंत वाईट जागा. दोन्ही बाजूंना कठडे, वळायला जागा नाही, खाली-वर सगळीकडून दिसणारा ताफा. त्या मिनिटांमध्ये एसपीजीच्या जवानांना करता येण्यासारखं एकच होतं: गाडीभोवती उभं राहणं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने तिच्या अहवालातला निष्कर्ष वाचून दाखवला. पंतप्रधान त्या रस्त्याने येणार याची माहिती सुमारे दोन तास आधी मिळूनही आणि पुरेसं मनुष्यबळ हाताशी असूनही फिरोजपूरच्या तत्कालीन वरिष्ठ पोलीस अधीक्षकांनी आपलं कर्तव्य पार पाडलं नाही, असं समितीने म्हटलं होतं.

याचा अर्थ साधा आहे. आतलं कडं कितीही तयारीचं असलं तरी ते बाहेरच्या कड्याच्या भरवशावर उभं असतं. आणि त्या बाहेरच्या कड्यात भर उन्हात सहा-सात तास रस्त्याकडे पाठ करून उभे असलेले जिल्ह्यातले शिपाई आणि होमगार्ड असतात. त्यांची रील निघत नाही.

एका हाराचे दोन प्रसंग

१२ जानेवारी २०२३. कर्नाटकातल्या हुबळीत पंतप्रधानांचा रोड शो सुरू होता. मोदी गाडीच्या पायरीवर उभे राहून हात हलवत होते. अचानक एक शाळकरी मुलगा कठडा ओलांडून हार घेऊन थेट त्यांच्याजवळ धावला. एसपीजीच्या जवानांनी त्याला तत्क्षणी बाजूला केलं, हार काढून घेतला आणि तो पंतप्रधानांकडे गेला. पोलिसांनी नंतर सांगितलं की ही सुरक्षेतली गंभीर चूक नव्हती. व्हिडिओ व्हायरल झाला. काहींनी मुलाचं कौतुक केलं, काहींनी जवानांना 'एवढं काय, लहान मुलगा तर होता' असं सुनावलं.

हारावरून सुरक्षा दलं इतकी सावध का होतात, हे कळायला ३२ वर्षं मागे जावं लागतं.

डिसेंबर १९८९ मध्ये राजीव गांधींची सत्ता गेली. तेव्हाच्या कायद्यात फक्त विद्यमान पंतप्रधान आणि त्यांचं कुटुंब एवढ्यांनाच एसपीजी होती. त्यामुळे राजीव यांची एसपीजी सुरक्षा काढली गेली. दिल्ली पोलिसांचा एक खासगी सुरक्षा अधिकारी सोबत असायचा, आणि ज्या राज्यात जातील तिथले पोलीस.

२१ मे १९९१ च्या रात्री ते तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या प्रचारसभेला पोहोचले. स्वागताच्या गर्दीत चंदनाचा हार हातात घेतलेली एक तरुणी होती. बंदोबस्तावरच्या महिला उपनिरीक्षक अनुसूया यांनी तिला मागे सारण्याचा प्रयत्न केला. त्यांनी पुढे सांगितल्यानुसार, राजीव यांनीच 'सगळ्यांना भेटू दे' अशा अर्थाचं काहीतरी म्हणून त्यांना थांबवलं. त्या बाजूला झाल्या. तरुणी राजीव यांच्या पायाशी वाकली आणि कमरेच्या पट्ट्यातला स्फोट झाला.

अनुसूया गंभीर जखमी झाल्या, पण वाचल्या. राजीव यांच्यासोबत जे मृत्युमुखी पडले त्यांत त्यांचे सुरक्षा अधिकारी, दिल्ली पोलिसांचे पी. के. गुप्ता होते. स्फोट झाला तेव्हा ते आपल्या जागेवर, म्हणजे राजीव यांच्या शेजारी होते.

सुरक्षेतल्या चुका तपासण्यासाठी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने सभेच्या ठिकाणच्या त्रुटींवर बोट ठेवलंच. पण योग्य पर्याय न देता एसपीजी काढून घेतल्याबद्दलही ठपका ठेवला.

आता हुबळीचा व्हिडिओ पुन्हा पाहा. धावत येणारा मुलगा खरंच हार घालायला येतोय की आणखी कशासाठी, हे ठरवायला त्या जवानाकडे एक सेकंदही नव्हता. मुलगा निर्दोष निघाला, हे आपल्याला नंतर कळलं. जवानाला त्या क्षणी ते कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

कायदा बदलला की नोकरीही बदलते

श्रीपेरुंबुदूरनंतर १९९१ मध्येच कायदा बदलला आणि माजी पंतप्रधान व त्यांच्या कुटुंबीयांनाही एसपीजी मिळाली. पुढे ही मुदत १० वर्षांपर्यंत वाढली. २००३ मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात ती एका वर्षावर आणली गेली. त्यानंतर धोका किती आहे हे पाहून सुरक्षा वाढवायची, असं ठरलं.

२०१९ मध्ये मोठा बदल झाला. ऑगस्टमध्ये मनमोहन सिंग यांची आणि नोव्हेंबरमध्ये सोनिया, राहुल आणि प्रियांका गांधी यांची एसपीजी सुरक्षा काढून त्यांना सीआरपीएफची झेड प्लस सुरक्षा देण्यात आली. त्याच हिवाळी अधिवेशनात कायदा बदलला. आता एसपीजी फक्त विद्यमान पंतप्रधान आणि अधिकृत निवासस्थानी त्यांच्यासोबत राहणारे जवळचे कुटुंबीय यांच्यासाठी आहे. माजी पंतप्रधानांना पद सोडल्यापासून ५ वर्षं.

सरकारचं म्हणणं होतं की हे दल मुळात पंतप्रधानपदासाठीच उभारलं होतं. काँग्रेसने हा राजकीय सूडाचा प्रकार म्हटला आणि राज्यसभेत सभात्याग केला. हा वाद गाजला. पण त्या घरांबाहेर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या माणसांचं काय झालं, याची बातमी झाली नाही. ड्युटी संपली, सामान बांधलं, पुढचा आदेश आला तिथे गेले.

सुरक्षेची गरज असलेली व्यक्ती एकच उरली, तरी खर्च लगेच कमी झाला नाही. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात एसपीजीसाठी जवळपास ६०० कोटी रुपये होते. आधीच्या वर्षीचा आकडा सुमारे ५४० कोटींचा होता. सुरक्षेचा खर्च माणसं मोजून ठरत नाही; २४ तास, तीन पाळ्या, प्रत्येक दौऱ्याआधी जाणारं पथक, गाड्या, उपकरणं आणि प्रशिक्षण यावर ठरतो.

परत आल्यावर काय?

एसपीजीतून परतलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे त्याच्या हुद्द्यावर आणि मूळ दलावर अवलंबून असतं. असीम अरुण यांचाच प्रवास पाहा. एसपीजीनंतर ते उत्तर प्रदेशात परतले. तिथे जिल्हा पातळीवर स्वाट पथक उभं केलं, राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचं नेतृत्व केलं, ११२ या आपत्कालीन सेवेची जबाबदारी सांभाळली. २०२१ मध्ये ते कानपूरचे पहिले पोलीस आयुक्त झाले. जानेवारी २०२२ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन भाजपमध्ये गेले, कन्नौजमधून निवडून आले आणि मंत्री झाले. ज्यांचं रक्षण केलं ते काँग्रेसचे पंतप्रधान, आणि पुढे स्वतः भाजपचे मंत्री. या नोकरीत रक्षण पदाचं असतं, पक्षाचं नाही, हे यातून नेमकं कळतं.

दुसरं उदाहरण अरुण कुमार सिन्हा यांचं. ते केरळ केडरचे १९८७ च्या तुकडीचे आयपीएस अधिकारी. तिरुवनंतपुरमच्या पोलीस आयुक्तपदासह केरळात अनेक वर्षं काम केल्यावर २०१६ मध्ये ते एसपीजीचे संचालक झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये, जी-२० परिषदेच्या तोंडावर, पदावर असतानाच आजारपणात त्यांचं निधन झालं. सात वर्षं पंतप्रधानांच्या सुरक्षेची अंतिम जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांचं नाव बहुतेकांनी त्यांच्या निधनाच्या बातमीतच पहिल्यांदा वाचलं.

बाकी जवान आपल्या बटालियनमध्ये परततात. कालपर्यंत पंतप्रधानांच्या गाडीसोबत धावणारा माणूस उद्या सीमेवरच्या चौकीत, छत्तीसगडच्या छावणीत किंवा विमानतळाच्या गेटवर प्रवाशांची ओळखपत्रं तपासताना दिसू शकतो. एसपीजीत शिकलेलं काही वाया जात नाही: गर्दीकडे बघताना चेहऱ्याआधी हात बघायचे, ही सवय सुटत नाही असं सुरक्षेतली माणसं सांगतात. पण सूट, चष्मा आणि भत्ता मागे राहतो.

व्हायरल दावे आणि वस्तुस्थिती

'अंगरक्षकाचे पुढे दिसणारे हात नकली असतात, खरे हात कोटाच्या आत बंदुकीवर असतात.' हा दावा दर काही महिन्यांनी फिरतो. त्याला कुठलाही अधिकृत आधार नाही.

'हातातली ब्रीफकेस म्हणजे अणुबॉम्बचं बटण.' नाही. ती उघडली की ढालीसारखी उलगडते. गोळीबार झाला तर ती पंतप्रधानांसमोर धरायची असते.

'मुकेश अंबानींकडे एसपीजी आहे.' नाही. त्यांना सीआरपीएफची झेड प्लस सुरक्षा आहे. त्याचा खर्च अंबानी कुटुंबानेच करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

'एसपीजी जवानाला काहीही केलं तरी माफ असतं.' हेही खरं नाही. सद्भावनेने केलेल्या कृतीला कायद्याचं संरक्षण आहे, मनमानीला नाही.

इतर पोलिसांच्या कामाचा हिशोब देता येतो: इतके गुन्हे उघड केले, इतके आरोपी पकडले. एसपीजीतल्या माणसाच्या खात्यात असा आकडा नसतो. सहा वर्षं काहीच घडलं नाही, हाच त्याचा चांगला रेकॉर्ड. त्या सहा वर्षांत किती दौरे झाले, किती हार बाजूला घेतले, किती वेळा नेत्याला गर्दीत जाण्यापासून थांबवलं, हे फायलीत राहतं आणि तो पुन्हा आपल्या जुन्या दलाचा गणवेश चढवतो.